कंपाउंडरकाकांचं बंद मशीन

ऑफिसात त्याला सगळे वाटाड्या म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. संगणकांना एकमेकांपर्यंत पोचायची वाट दाखवणं हेच त्याचं काम होतं आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वभावानं तसा बरा माणूस. कुणाशी वाकडं बोलणार नाही, कुणाचं काम अडवणार नाही. फक्त कौतुकाची जरा जास्तच भूक होती. तीही वरून दिसायची नाही, कारण कौतुक झालं की तो मान खाली घालून "छे हो, त्यात काय!" म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला तीच गोष्ट दोनदा सांगायचा.

बायको शाळेत शिकवायची. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. तरुणपणी ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पुढे स्वतःचं दुकान थाटलं, केस पांढरे झाले, तरी लोकांच्या तोंडी 'कंपाउंडरकाका'च राहिलं. जावयाचा त्यांना भारी अभिमान. गिऱ्हाईक दोन मिनिटं रेंगाळलं की विषय जावयावर यायचाच. "आमच्या जावईबापूंनी बनवलंय हे," असं म्हणून ते काउंटरवरच्या संगणकाची धूळ फडक्यानं पुसायचे.

'हे' म्हणजे औषध शोधायची व्यवस्था. आधी सगळ्या दुकानांची माहिती एकाच मोठ्या संगणकात असायची. तो बसला की सगळी दुकानं आंधळी. अमुक गोळी कुणाकडे आहे हे विचारायला दुकानदार फोन फिरवत बसायचे, आणि रोग्याचा माणूस काउंटरला कोपर टेकून उभाच. औषध विक्रेत्यांच्या संघटनेनं वाटाड्याच्या कंपनीला गाठलं आणि सांगितलं, असं काहीतरी करा की जे एका जागी बसणारच नाही.

वाटाड्यानं मधला मोठा संगणकच काढून टाकला. दुकानांचेच संगणक एकमेकांशी बोलतील अशी मांडणी केली. उद्घाटनाच्या आधी एका सकाळी तो सासऱ्यांच्या दुकानात मशीन बसवायला गेला, तेव्हा काकांनी स्टुलावर बसून सगळं समजून घेतलं.

"एवढी हजारभर दुकानं," काका म्हणाले. "मी एक गोळी विचारली तर हे हजार ठिकाणी विचारत बसणार? संध्याकाळ होईल की."

"नाही बाबा. असं समजा, सगळी दुकानं एका गोल रिंगणात उभी आहेत. प्रत्येकाला एक नंबर. औषधाच्या नावाचाही हिशेबानं एक नंबर निघतो. त्या नंबरच्या लगेच पुढे जे दुकान येईल, त्याच्याकडे त्या औषधाची बातमी ठेवायची. ते कुणाकुणाकडे आहे, एवढीच बातमी हं, औषध नाही."

"आणि मला कसं कळणार ते दुकान कुठलं?"

"तुमच्या मशीनला सगळे ठाऊक नसतात. शेजारचा ठाऊक असतो, रिंगणाच्या अर्ध्यावरचा एक, पाव अंतरावरचा एक, त्याच्या निम्म्यावरचा एक, असे मोजकेच. तुम्ही विचारलंत की ते म्हणतं, माझ्या ओळखीत तिकडच्या सगळ्यात जवळचा हा, याला विचार. तो आणखी जवळचा दाखवतो. दर उडीला अंतर निम्मं होत जातं. हजार दुकानं असली तरी दहाएक उड्यांत पोचतो आपण."

काका खूश झाले. मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे कुणा भलत्याच्याच औषधाची बातमी. शेजाऱ्यानं किल्ली ठेवून जावी तशी. मग किल्ली सांभाळणाराच घरी नसला तर?"

"म्हणून ती आणखी दोघांकडे असते. पुढच्या दोन दुकानांत."

"मी दुपारी जेवायला जाताना मेन बटण बंद करून जातो. समोरचं दुकान वायर जळून गेलं होतं, तेव्हापासून धसका घेतलाय मी. चालेल का?"

"खुशाल बंद करा," वाटाड्या हसून म्हणाला. "मशीनं बंद होणार हे धरूनच बांधलंय सगळं. तीच तर गंमत आहे त्यात."

तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या सकाळी तरी नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष चाचणी बघायला आले. जाडजूड गृहस्थ, घाईचे. त्यांनी एका नव्या औषधाची नोंद केली आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. बातमी तीन ठिकाणी पोचून तिघांनीही 'मिळाली' म्हटल्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती आणि त्या दिवशी एका दुकानाची लाइन रडतखडत चालली होती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "एवढ्या वेळात मी चालत जाऊन विचारून आलो असतो," ते म्हणाले. आजूबाजूचे हसले. वाटाड्याही हसला, पण ते त्याला फार लागलं.

ते गेल्यावर त्यानं बातमीच्या तीन प्रतींऐवजी एकच प्रत ठेवायचं ठरवलं. फक्त उद्घाटनापुरतं. एक आकडा बदलला की झालं. दुसऱ्या दिवशी सगळं वाऱ्यासारखं पळालं. टाळ्या पडल्या, सत्कार झाला, फोटो निघाले. सासरे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या धामधुमीत तो आकडा परत बदलायचा राहून गेला. आठवडे गेले, महिने गेले. कुठे काही बिघडलं नाही. निदान कुणाच्या नजरेस आलं नाही.

मग ती तक्रार आली.

कुरिअरच्या ऑफिसात काम करणारी एक बाई. तिच्या मुलीला फिट्स यायच्या, गोळी रोज लागायची. गोळ्या संपल्या, सकाळची चुकली, म्हणून ती दुपारी तिच्या नेहमीच्या दुकानात गेली. दुकानदारानं मशीनवर शोधलं. मशीननं सांगितलं, कुठेही उपलब्ध नाही. ती आणखी एका दुकानात गेली. तिथेही तेच उत्तर. बाई घाबरली. मुलीला घेऊन बसनं मोठ्या शहराकडे निघाली आणि स्टँडवरच मुलीला फिट आली. पोरगी फरशीवर तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला, कपाळाला टाके पडले. जिवावरचं दातावर निभावलं असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं की ती गोळी तिच्या घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, फळीवर, सगळा वेळ पडून होती.

संघटनेची सभा भरली. अध्यक्षांच्या बाजूला वाटाड्या लॅपटॉप उघडून बसला. समोर दुकानदार, त्यांत तिसऱ्या रांगेत कंपाउंडरकाका.

"काय झालं ते सरळ सांगा," अध्यक्ष म्हणाले.

वाटाड्यानं शोधाचा माग काढला. प्रश्न कुठून निघाला, कुणाकडे उडी मारली, कुठे पोचला. "बातमी एका मशीनवर होती," तो म्हणाला. "ते मशीन त्या वेळी बंद होतं."

"कुणाचं?"

त्यानं पडद्यावरचा नंबर वाचला. कुणाचा आहे हे वाचताक्षणी कळलं होतं. "कंपाउंडरकाकांचं."

नाव तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच क्षणी त्याला तो बदललेला आकडा आठवला. मशीन बंद होतं हे खरंच होतं, पण बंद असल्यानं काही अडायलाच नको होतं. काकांच्या पुढच्या दुकानानं रिंगणातली त्यांची जागा रीतसर घेतली होती, पण त्याच्याकडे बातमीची प्रतच नव्हती. म्हणून त्या बिचाऱ्या मशीननं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, कुठेही नाही. एवढंच एक वाक्य पुढे बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. समोर पाण्याचा ग्लास होता, तो त्यानं उचलला आणि पाणी प्यायला.

तेवढ्यात अध्यक्षांनी आवाज चढवला. "काका, मशीन बंद करायचं नसतं एवढी साधी गोष्ट कळू नये? एका लेकराचा जीव गेला असता!"

काका उठून उभे राहिले. त्यांनी जावयाकडे पाहिलं. फार वेळ नाही, आपल्या माणसाकडे सहज बघावं इतकाच वेळ. वाटाड्या लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

"चुकलं माझं," काका म्हणाले आणि खाली बसले.

मागे कुणीतरी पुटपुटलं, "वय झालं की थांबावं माणसानं." वाटाड्यानं तेही ऐकलं.

त्याच संध्याकाळी त्यानं आकडा परत तीनवर आणला. व्यवस्था पुन्हा जशी हवी तशी झाली. कुणाला पत्ता लागला नाही. त्याला वाटलं होतं, दुरुस्ती केली की मनाला जरा मोकळं वाटेल. पण झालं उलटंच. आता पुरावाही उरला नाही, आणि तो आपल्याच हातानं पुसला, हे नवीन ओझं मानगुटीवर बसलं.

पुढचे दिवस बायकोकडून एकेक बातमी यायला लागली. बाबा दुपारी घरी येत नाहीत, दुकानातच डबा खातात, मशीनपाशी बसून राहतात. बाबा त्या बाईच्या घरी माफी मागायला गेले होते, तिनं दारातूनच हाकललं. बाबांनी दुकान पुतण्याच्या हवाली करायचं ठरवलंय. ती हे सगळं भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना सांगायची आणि तो "हं" म्हणायचा. एकदा ती चिडलीच. "हं काय? माझ्या बापानं चाळीस वर्षं उभं राहून चालवलेलं दुकान आहे ते. तुला काहीच वाटत नाही?"

त्याला वाटत होतं ते सांगता येत नव्हतं. कानकोंडा होऊन तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

एका रविवारी सासरीच जेवायला जावं लागलं. जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. सासूबाई "घ्या ना, घ्या ना" करत होत्या आणि तो ताटातला भात नुसता चिवडत होता. हात धुवायला उठला तर काका टॉवेल घेऊन मागे उभे.

"जावईबापू, एक बोलू का?" ते हळूच म्हणाले. "तुम्ही एवढं मोठं काम केलंत आणि माझ्यापायी तुम्हाला सभेत मान खाली घालावी लागली. सासऱ्याचंच नाव घ्यायची वेळ आली तुमच्यावर. किती जड गेलं असेल. मनात ठेवू नका."

वाटाड्याला वाटलं, नळाच्या पाण्यासोबत आपणही खाली जाळीतून वाहून जावं. इथेही त्याला बोलता आलं असतं. दोघंच होते, दार लोटलेलं होतं. त्यानं टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि टॉवेलातूनच म्हणाला, "नाही हो बाबा, तसं काही नाही."

घरी परतताना रिक्षातच त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सांगताना तो रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होता. घराच्या पायऱ्या चढून झाल्यावर, कुलूप काढता काढता तिनं विचारलं, "सभेत, तेव्हा, माहीत होतं तुला?"

"नाव घेतल्यावर आठवलं."

"म्हणजे माहीत होतं."

"हो."

"मला कशाला सांगतोस मग? मी हलकं करू का तुझं?" ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "उद्या जा. आणि मी येणार नाही सोबत."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला तेव्हा काका फळ्यांवरच्या बाटल्या उतरवून पुतण्याला दाखवायला लावून ठेवत होते. पुतण्या बँकेत गेला होता. वाटाड्या काउंटरच्या बाहेरच, गिऱ्हाइकासारखा उभा राहिला आणि बोलला. आकडा कुणी बदलला, का बदलला, सभेत काय आठवलं, काय बोलला नाही, नंतर गुपचूप कसं सरळ केलं. काही गाळलं नाही.

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तुम्ही म्हणाला होतात, किल्ली आणखी दोघांकडे असते," ते म्हणाले. "मला सभेत आठवलं होतं ते. मग वाटलं, आपल्यालाच नीट कळलं नसेल. यांच्याकडून कशी चूक होईल?"

"बाबा..."

"थांबा. मी त्या बाईच्या दारात हात जोडून उभा होतो. तिच्या पोरीचं कपाळ बघून चार रात्री झोपलो नाही. घरात ही घाबरली, म्हणाली डॉक्टरांना दाखवू या. मी हिला म्हटलं, अगं मी म्हातारा झालो, आता माझ्या हातून लोकांचं वाईट व्हायला लागलं." त्यांचा आवाज फाटला. "एक वाक्य, जावईबापू. एकच वाक्य बोलायचं होतं तुम्हाला."

"हो."

"बरं, जा आता. मला जरा बसू द्या."

ते रागावून ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते स्टुलावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. वाटाड्या निघाला.

पुढच्या सभेत तो न बोलावता गेला. उभा राहून सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं होतं, आता आकाश कोसळणार. नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील. तयारीनं गेला होता तो. पण अध्यक्षांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं, म्हणजे तांत्रिक अडचण होती. आता ठीक आहे ना?"

"ठीक आहे. पण अडचण नव्हती, मी केलं होतं. आणि दोष काकांवर आला. तुम्ही त्यांना इथे सर्वांसमोर बोललात. संघटनेनं त्यांची माफी मागायला हवी. मी तर मागतोच आहे."

"अहो, तुमच्या घरचंच प्रकरण आहे ते!" अध्यक्ष हसले. "सासरे-जावई चहा पिता पिता मिटवा." सभाही हसली. "पुढचा विषय?"

वाटाड्या उभाच होता. त्याच माणसांनी, त्याच खुर्च्यांवर बसून, सासऱ्यांना निष्काळजी ठरवायला क्षणभरही वेळ घेतला नव्हता. आणि त्यानं स्वतः कबूल करूनही त्याला कुणी दोष द्यायला तयार नव्हतं. म्हाताऱ्याच्या हातून झालं की हलगर्जीपणा, आणि लॅपटॉपवाल्याच्या हातून झालं की तांत्रिक अडचण. इतकं स्वस्तात सुटल्याची त्याला जी लाज वाटली, ती आधीच्या सगळ्या लाजेपेक्षा जास्त होती. कारण आजवर तो याच हिशेबावर तर निर्धास्त जगत आला होता. तो खाली बसला नाही. "अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "पुढचा विषय नंतर घ्या." हसू थांबलं. शेवटी मागच्या रांगेतला एक दुकानदार उठला आणि म्हणाला, "वय झालं की थांबावं, असं मी बोललो होतो त्या दिवशी. काकांना मी भेटून येतो." अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला आणि फोन करतो म्हणाले. तो फोन त्यांनी केला की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

राहिली ती बाई. वाटाड्या तिच्या ऑफिसात गेला, पार्सलांच्या ढिगाआड उभा राहून बोलला. त्याची तयारी होती ती शिव्या देईल याची. तिनं दिल्याही. मोजून-मापून नाही, मनापासून. आणि मग एकदम थांबली.

"म्हणजे ते आजोबा..." ती म्हणाली. "मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. हातात पिशवी होती त्यांच्या, पोरीसाठी काहीतरी आणलेलं. मी म्हटलं, तुमचं तोंड बघायचं नाही मला." तिनं तोंडावर हात ठेवला. "कुठे राहतात ते?"

शनिवारी ती मुलीला घेऊन काकांच्या घरी आली. वाटाड्या पत्ता दाखवायला सोबत होता, त्यामुळे त्यालाही आत जावं लागलं. बायको आधीच येऊन बसलेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बाई दारातच वाकायला गेली तशी काकांनी तिला मधेच धरलं.

"अहो नाही, नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं." मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि जुन्या सवयीनं अंगठ्यानं हळूच कपाळ तपासलं. "टाके छान घातलेत. व्रण राहणार नाही फारसा. दात दाखव बघू?"

पोरीनं आईकडे बघत आ केला. नवीन दात बसवलेला होता, शेजारच्यांपेक्षा जरा पांढरा.

सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. वाटाड्या दाराशीच उभा होता. त्याला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही की कुणी मुद्दाम म्हटलं नाही, हे त्याला कळेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अहो, बसा ना," आणि तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

दुकान एव्हाना पुतण्याच्या हाती गेलं होतं. बाई गेल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, दुकान परत घ्याल का? मी तुमच्या पुतण्याशी बोलतो. वाटल्यास हात जोडतो त्याच्यापुढे."

"नको," काका म्हणाले. "तो चांगला चालवतोय. आणि माझ्या हाताला कंप यायला लागलाय, कात्रीनं गोळ्यांची पट्टी नीट कापता येत नाही. या वर्षी ना पुढच्या वर्षी, सोडायचंच होतं मला."

ते खरं बोलत होते की जावयाला आणखी खाली बघायला लागू नये म्हणून बोलत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. वाटाड्यानं त्यांच्या हाताकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हातांत कप घट्ट धरला होता आणि ते खिडकीबाहेर, आईचं बोट धरून निघालेल्या त्या पोरीकडे बघत होते. खरं काय, ते विचारायला त्याची जीभ रेटली नाही.